एकच डबा कपाटालाही आणि करवतीलाही: पेस्ट वॅक्स नेमकं करतं काय?

एस. सी. जॉन्सन या अमेरिकी कंपनीने आपलं पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं पेस्ट वॅक्स, म्हणजे फडक्याने चोळायचं मऊ मेण, 2021 मध्ये बंद केलं आणि सुतारकाम करणाऱ्यांची पर्यायासाठी शोधाशोध सुरू झाली. ही कंपनी 1886 मध्ये लाकडी फरशा विकत होती. फरशी घेतलेलं गिऱ्हाईक परत येऊन विचारायचं, ‘आता हिची निगा कशी राखू?’ त्या प्रश्नातून मेणाचा डबा आला, आणि पुढे कंपनीची ओळख फरशीपेक्षा त्या डब्यानेच जास्त झाली.

तो डबा गेला, पण प्रश्न राहिलेच. दुसरं कुठलं वॅक्स घ्यावं? घरच्या जुन्या कपाटाला ते चालेल का? कपाटाला लावायचं तेच करवतीच्या पात्याला लावा असं कुणी सांगतं, ते कशाच्या आधारावर? शिवाय डब्यावर छापलेलं असतं की हे लाकडाला ‘पोषण’ देतं. लोखंडाला तर पोषण लागत नाही, मग तिथे ते काय करतं?

उत्तर एका वाक्यात देता येतं: पेस्ट वॅक्स पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, कोरडा, पाण्याला न धरणारा थर सोडून जातं, आणि एवढंच करतं. त्याचे सगळे फायदे या थरातून येतात, सगळ्या मर्यादाही त्याच थराच्या आहेत. हे एकदा पक्कं बसलं की कुठे लावायचं, कुठे नाही, हे बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

## डब्यात असतं काय?

मुख्यतः दोनच गोष्टी: मेण आणि द्रावक. द्रावक म्हणजे मेण विरघळवणारा, आणि नंतर हवेत उडून जाणारा द्रव. टर्पेंटाइन किंवा मिनरल टर्पेंटाइन हे नेहमीचे. मेण नुसतं घासायला गेलं तर कडक असतं, नीट पसरत नाही. द्रावकामुळे ते लोण्यासारखं मऊ होतं. फडक्याने पसरवलं की द्रावक उडतो आणि मेण मागे राहतं.

मेणं मात्र वेगवेगळी असतात आणि फरक त्यांच्या कडकपणात असतो. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं. ते मऊ, लावायला सोपं आणि मंद चमकेचं. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच ते पानावर चढवतं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं, फार कडक असतं आणि चमक जोरदार देतं. पण एकट्या कार्नोबाला घासून चमक आणताना खांदे भरून येतात, म्हणून ते इतर मेणांत मिसळतात. पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, पेट्रोलियमपासून येतं आणि स्वस्त असतं. चौथं मायक्रोक्रिस्टलाइन मेण. तेही पेट्रोलियमचंच, पण त्याचे स्फटिक अतिशय बारीक असतात, त्यामुळे थर चिवट बसतो.

या चौथ्या मेणाला संग्रहालयांत मोठा मान आहे. मधमाशीच्या मेणात आणि कार्नोबात थोडी आम्लं असतात, आणि शेकडो वर्षं जपायच्या वस्तूवर ती नको असतात. म्हणून 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत मायक्रोक्रिस्टलाइन मेणावर आधारलेलं पॉलिश तयार झालं. ‘रेनेसान्स वॅक्स’ या नावाने ते आजही मिळतं. घरच्या टेबलाला किंवा पटाशीला एवढ्या काळजीची गरज नाही. साधं मेण पुरतं.

## लाकडाला खरंच पोषण मिळतं का?

नाही. टेबलाचं लाकूड जिवंत नाही. त्यातल्या पेशी झाड तोडण्याआधीच बहुतांशी मेलेल्या होत्या, आणि आता ते काहीही ‘खात’ नाही. त्यातून कुठलं तेल हळूहळू आटत जातं आणि ते भरून काढावं लागतं, हेही खरं नाही. सागासारख्या काही लाकडांत नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, पण वरून चोळलेलं मेण त्यांची जागा घेत नाही.

मग जुनं लाकूड का तडकतं? दमटपणा कमीजास्त होत राहतो म्हणून. हवा कोरडी झाली की लाकूड पाणी सोडतं आणि आक्रसतं, दमट झाली की पाणी घेऊन फुगतं. वर्षानुवर्षं हे चालत राहिलं की सांधे ढिले होतात, फळी फाटते. मेणाचा जाड थर बाष्प अडवतो हे खरं आहे. म्हणूनच नुकत्याच कापलेल्या ओंडक्यांच्या टोकांना जाड मेण देतात, म्हणजे ते टोकाकडून भराभर वाळून फुटत नाहीत. पण टेबलावर चोळून पुसलेला थर केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असतो. तो बाष्प अडवू शकत नाही.

‘पोषण’ या शब्दावर मी एवढा अडून बसतो, कारण त्याने नुकसान होतं. लाकूड भुकेलं आहे असं मानलं की माणूस जास्त मेण लावतो, वारंवार लावतो, मुरावं म्हणून रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी टेबल चिकट, ढगाळ आणि धूळ धरणारं होतं. मग दोष मेणाला मिळतो.

## मग जुनं टेबल एवढं उजळतं कसं?

कारण प्रकाश. कोरड्या डांबरी रस्त्यावर रात्री दिव्यांचा उजेड विखुरतो आणि रस्ता करडा दिसतो. पाऊस पडला की तोच रस्ता काळाभोर होतो आणि दिव्यांची प्रतिबिंबं दिसायला लागतात. डांबर बदललेलं नसतं. खडबडीत खळगे पाण्याने भरून पृष्ठभाग सपाट झालेला असतो.

टेबलावर हेच मेण करतं. रोजच्या पुसण्याने, भांडी सरकवण्याने पॉलिशवर हजारो बारीक ओरखडे पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा प्रकाश भलतीकडे फेकतो, त्यामुळे पृष्ठभाग धुरकट दिसतो आणि खालचा लाकडाचा रंग फिका वाटतो. मेण ते ओरखडे भरतं, प्रकाश पुन्हा एका दिशेने परततो, रंग गडद होतो, रेषा उठून दिसतात. पाणी उडून जातं, मेण टिकतं, एवढाच फरक.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तो मोठा वाटतो: मेणाचा पृष्ठभाग निसरडा असतो. घासत जाणारी वस्तू रुतण्याऐवजी घसरते आणि नवे ओरखडे कमी पडतात. लाकडी ड्रॉवर अडकत असेल तर त्याच्या धावपट्टीवर मेण चोळून बघा, बंद करताना हाताला लगेच फरक कळतो.

## लाकडाला लावण्याची रीत

आधी स्वच्छता. मेणाखाली धूळ राहिली तर ती तिथेच बंदिस्त होते. किंचित ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. जुना तेलकट थर असेल तर थोडं मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसा. पूर्ण वाळलेल्या बहुतेक पॉलिशांना त्याने काही होत नाही. तरी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला थोडंसं करून बघणं शहाणपणाचं. लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिट अजिबात वापरू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

मेण फार कमी घ्यायचं, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. सुती कापडाच्या दुहेरी घडीत मेणाचा गोळा ठेवून पुरचुंडी करा. कापडातून झिरपेल तेवढंच मेण पृष्ठभागावर येतं आणि जास्त लागण्याची भीती राहत नाही. गोल फिरवत लावा, शेवटचे हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारा. एका वेळी हात पुरेल एवढाच भाग घ्या.

आता थांबा. साधारण दहा-पंधरा मिनिटांत ओली चमक जाऊन पृष्ठभाग धूसर होतो; थंड किंवा दमट हवेत जास्त वेळ लागतो. घड्याळापेक्षा त्या धूसरपणावर विश्वास ठेवा. लवकर पुसलं तर सगळं मेण फडक्यात येतं, फार उशीर केला तर ते कडक होऊन निघता निघत नाही. धूसर झालं की स्वच्छ मऊ फडक्याने घासा आणि फडकं सतत उलटत राहा. बोट फिरवल्यावर रेघ उमटली तर अजून मेण जास्त आहे. रेघ उमटेनाशी झाली की काम झालं.

उशीर झालाच तर घाबरायचं कारण नाही. त्याच जागी पुन्हा थोडं पेस्ट वॅक्स लावा. त्यातला द्रावक खालचं कडक मेण मऊ करतो आणि मग दोन्ही एकत्र पुसून निघतात.

नक्षीकाम किंवा उघड्या छिद्रांचं गडद लाकूड असेल तर पांढरट मेण खाचांत वाळून दिसत राहतं. तिथे रंगीत, गडद मेण घ्यावं. काही जण मेण लावायला स्टील वूल वापरतात, त्याने झगमग कमी होऊन छान मंद तुकतुकी येते. पण ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडाचे तुटलेले तंतू अडकले आणि ओल लागली तर काळे डाग पडतात. तिथे सिंथेटिक घासणीच बरी.

नवं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन असेल तर ते पक्कं होऊ द्या, साधारण महिनाभर. काही झटपट सुकणाऱ्या वॅक्समध्ये टोल्युइनसारखं जहाल द्रावक असतं, ते कच्च्या पॉलिशला मऊ करू शकतं. आणि पॉलिशच उडालं असेल, पापुद्रे निघत असतील, तर मेणाने ते परत येणार नाही. तिथे नवं पॉलिशच करावं लागतं.

## लोखंडाचं गणित

गंजाला तीन गोष्टी लागतात: लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी. हवेतला ऑक्सिजन काढता येत नाही, म्हणून लढाई पाण्याशीच.

हे पाणी डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा न दिसणारा थर जमतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. रात्री थंड पडलेल्या जड हत्यारावर सकाळची उबदार हवा आली की दव धरतं. त्यात मीठ असेल तर गंजाला आणखी जोर चढतो, आणि ते मीठ आपल्याच हातावर असतं. घामेजल्या हाताने धरलेल्या पटाशीवर काही दिवसांनी बोटांचे ठसे तपकिरी रंगात उमटतात, ते त्यामुळेच.

ॲल्युमिनियमवर जमणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला वाचवतो. गंज तसा नाही. तो फुगतो, सच्छिद्र असतो, सुटून पडतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणजे एकदा सुरू झालेला गंज पुढच्या गंजाला जागाच करून देतो. म्हणून सुरुवात टाळण्याला इतकं महत्त्व.

मेण पाण्याला पसरू देत नाही, ते थेंबाथेंबाने गोळा होऊन ओघळतं. पण थरात अतिसूक्ष्म छिद्रं राहतातच, त्यामुळे मेण गंज लांबवतं, कायमचा बंद करत नाही. उघड्यावरच्या कांस्य पुतळ्यांनाही जतन करणारे लोक मेण देतात, पण ते नियमाने पुन्हापुन्हा द्यावं लागतं.

## हत्यारांना लावताना

गंजावर मेण लावून उपयोग नाही, आतली ओल तिथेच राहते. आधी बारीक पॉलिशपेपरने किंवा स्टील वूलने गंज काढा, धातू पुसा, आणि पूर्ण कोरडा करा. शक्य असेल तर उन्हात ठेवून किंवा केस वाळवायच्या यंत्राने कोमट करा. कोमट धातूवर मेण सैल होऊन बारीक खाचांत शिरतं. बिडाच्या पृष्ठभागावर हा फरक चांगला जाणवतो, कारण बीड खरबरीत असतं. मग लाकडासारखंच: पातळ लावा, धूसर होऊ द्या, घासा. पहिल्यांदा एकावर एक दोन हात दिले तर पहिल्यात सुटलेल्या जागा झाकल्या जातात.

रंध्याचा तळ, करवतीचं पातं, पटाशीची पाठ, गुण्या, कटर मशीनचं बिडाचं टेबल, ड्रिल मशीनचा खांब, या सगळ्यांना मेण मानवतं. इथे गंजापासून बचाव होतोच, पण रोजच्या कामात जास्त जाणवतो तो निसरडेपणा. मेण दिलेला रंधा ढकलायला हलका जातो, करवत चिरेत कमी आवळते, मशीनच्या टेबलावर फळी सरकते आणि तिला जोराने रेटावं लागत नाही. कमी रेटा म्हणजे हात घसरून पात्याकडे जाण्याचा धोका कमी. मला हा फायदा गंजापेक्षाही मोलाचा वाटतो. लाकडात स्क्रू बसवताना आट्यांना जरासं मेण लावलं तर तो सुखाने आत जातो.

काही जागा मात्र टाळाव्यात. हातोड्याच्या तोंडाला मेण लावलं तर तो खिळ्यावरून निसटेल. मशीनचे पट्टे आणि पुली यांना घर्षणच हवं असतं. मायक्रोमीटरच्या मोजणाऱ्या तोंडांवर कुठलाच थर नको. धारेच्या दगडालाही नको.

## ‘तेल लावलं तर काय बिघडतं?’

काहीच नाही, योग्य ठिकाणी लावलं तर. सांधे, बिजागऱ्या, आटे, फिरणारे भाग यांना तेलच हवं. मेण तिथे पोहोचत नाही आणि गोळा होऊन बसतं. पण सपाट पृष्ठभागावर तेल ओघळतं, धूळ आणि भुसा धरतं, आणि लाकडाला लागतं. तेल लागलेल्या जागी नंतर पॉलिश डाग धरतं. नीट घासलेलं मेण कोरडं असतं, त्यामुळे ते लाकडावर फारसं उतरत नाही.

हत्यारं महिनोन्‌महिने वापराविना ठेवायची असतील तर नुसतं मेण कमी पडू शकतं. तिथे ग्रीससारखा जाड थर द्या, किंवा गंजरोधक बाष्प सोडणारा व्हीसीआय कागद वापरा.

## ‘दर वेळी लावून थर साचत जात नाहीत का?’

शंका बरोबर आहे, पण साचतात ते नीट न पुसल्यामुळे. नव्या हातातला द्रावक जुनं मेण मऊ करतो, आणि पुसताना दोन्हीचा जास्तीचा भाग निघून येतो. म्हणून दहा वेळा लावलं तरी दसपट जाड थर होत नाही. टेबलाला वर्षातून एकदा-दोनदा पुरे. हत्यारांचं मात्र वेळापत्रक नाही, ते वापरावर अवलंबून आहे. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो गोल उभा राहिला तर मेण आहे. पसरट झाला तर पुन्हा लावायची वेळ झाली. थेंब लगेच पुसा, लोखंडावर असेल तर नक्कीच.

## ‘मग फवारायचं पॉलिश सोपं नाही का?’

सोपं आहे, आणि धूळ पुसायला ठीकही आहे. पण अशा बऱ्याच फवाऱ्यांत सिलिकॉनचं तेल असतं. ते बारीक भेगांतून लाकडात उतरलं की काढणं फार अवघड. पुढे कधी त्या फर्निचरला नव्याने पॉलिश केलं तर जागोजागी पॉलिश मागे सरून गोल खळगे पडतात. मोटारीच्या बऱ्याच वॅक्समध्येही सिलिकॉन असतं, आणि काहींत घासून काढणारी बारीक पूडही. सुतारकामाच्या जागेत मी ते ठेवणार नाही. साध्या मेणावरही नवं पॉलिश धरत नाहीच, पण ते मिनरल टर्पेंटाइनने दोन-तीनदा, फडकं बदलत, पुसून काढता येतं.

## मेणाचं जिथे चालत नाही

गरम कप. मधमाशीचं मेण साठीच्या थोडं वर वितळतं, आणि ताज्या चहाचा कप त्याहून गरम असतो. मेण उष्णतेपासून वाचवत नाही, कपाखाली काहीतरी ठेवावंच लागतं. सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर मेणाने मदत होते, तासभर राहिलं तर नाही.

टेबलावर उमटणारी पांढरी कडी, म्हणजे गोल डाग, बहुधा पॉलिशच्या थरातच असते, कारण ओल किंवा उष्णतेने तो थर ढगाळलेला असतो. मेण चोळल्याने ती कधी फिकी होते, कधी होत नाही. काळी कडी लाकडात उतरलेली असते. लोखंड, पाणी आणि टॅनिन यांच्या संयोगातून तो रंग येतो, आणि वरच्या मेणाचा तिथे काही संबंधच नसतो.

कोऱ्या लाकडाला नुसतं मेण देण्याची कल्पना अनेकांना आवडते. स्पर्श खरंच सुंदर लागतो. पण थर मऊ असतो, त्यावर मळ चढतो, आणि नंतर दुसरं पॉलिश करायचं ठरवलं तर छिद्रांतलं मेण काढणं जिकिरीचं होतं. रोज हात लागणाऱ्या वस्तूला आधी पॉलिश, मग मेण, हाच क्रम ठेवा. भाजी चिरायच्या पाटासाठी द्रावक असलेलं वॅक्स नकोच. आणि पायऱ्यांना किंवा चालायच्या फरशीला फर्निचरचं मेण देऊ नका, पाय घसरेल.

## घरी बनवायचं असेल तर

वजनाने एक भाग मधमाशीचं मेण आणि दोन ते तीन भाग टर्पेंटाइन. मेण थेट आचेवर कधीच नाही. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मग आच बंद करा, भांडं उचलून आचेपासून दूर, मोकळ्या हवेत न्या, आणि तिथेच टर्पेंटाइन ओतून ढवळा. हा क्रम चुकवू नका. टर्पेंटाइनची वाफ 35 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, त्यामुळे जवळ ज्योत नको, ठिणगीही नको.

वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. काही वॅक्समध्ये जवसाचं तेल असतं. ते वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात कोंडलेल्या उष्णतेने कापड आपोआप पेटू शकतं. आपल्या डब्यात काय आहे याची खात्री नसेल तर प्रत्येक वेळी फडकी बाहेर पसरून वाळवा आणि मगच टाका.

## डब्यातलं वॅक्स कडक झालं तर

झाकण सैल राहिलं की द्रावक उडतो आणि वॅक्स तडकून कडेने सुटतं. ते खराब झालेलं नसतं, मेण सगळं तिथेच असतं. वरून थोडं मिनरल टर्पेंटाइन घाला, झाकण घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी काडीने ढवळा, बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतकं मऊ झालं की पुन्हा वापरायला घ्या.